पडद्याबाहेरचा प्रतिस्पर्धी: 'सुपर बुतोदेन २' आतून कसा चालतो

'ड्रॅगन बॉल झेड' या जपानी अॅनिमे मालिकेतली कुठलीही मोठी लढाई आठवून पाहा. दोघं समोरासमोर येतात, चार ठोसे होतात आणि पाचव्या ठोशाला एक जण डोंगर फोडत पार क्षितिजाकडे भिरकावला जातो. दुसरा त्याच्या मागे उडत जातो, नाहीतर जागेवरच उभा राहून तळहातांत प्रकाश गोळा करायला लागतो. या लढायांचा सगळा जीव अंतरात आहे. दोघांमधलं अंतर वाढलं की पुढे काहीतरी भयंकर होणार, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं.

आता हेच सगळं १९९३ सालच्या गेममध्ये बसवायचं आहे असं समजा. हाताशी आहे निन्तेन्दोचा सुपर फॅमिकॉम. नोव्हेंबर १९९० मध्ये जपानात विक्रीला आलेला १६-बिट कन्सोल, त्याचं चित्र २५६ ठिपके रुंद आणि २२४ ओळी उंच. समोर नमुना आहे 'स्ट्रीट फायटर २'चा, जो या कन्सोलवर जून १९९२ मध्ये आला आणि मारामारीच्या गेमचं व्याकरणच ठरवून गेला. त्या व्याकरणाचा पहिला नियम असा, की दोन्ही खेळाडू कायम एकाच पडद्यावर दिसले पाहिजेत. एक मागे सरकत गेला तर पडद्याच्या कडेला अदृश्य भिंत लागते आणि तो तिथेच अडतो. गोकू आणि सेलची लढाई या चौकटीत कोंबली तर दोन माणसं खोलीत भांडतायत, एवढंच उरतं.

बंदाईने प्रकाशित केलेल्या आणि टोसे या जपानी कंपनीने बनवलेल्या 'सुपर बुतोदेन' मालिकेने ती भिंत काढून टाकली. पहिला भाग २० मार्च १९९३ ला आला, दुसरा त्याच वर्षी १७ डिसेंबरला आणि तिसरा २९ सप्टेंबर १९९४ ला. या तिघांतला सगळ्यात घट्ट बांधलेला गेम दुसरा आहे, म्हणून इथे तोच उघडून बघू. त्यातल्या ज्या गोष्टी नवख्याला विचित्र वाटतात, म्हणजे मधोमध फाटणारा पडदा, उभं राहून ऊर्जा भरणं, ऊर्जेचा झोत सुटला की लढाई थांबून सुरू होणारं दृश्य, त्या सगळ्यांचं मूळ त्या काढलेल्या भिंतीत आहे.

पडदा फाटतो म्हणजे नेमकं काय होतं

दोघं जवळ असताना गेम नेहमीसारखा दिसतो. एक जण लांब गेला, किंवा एक आकाशात आणि दुसरा जमिनीवर अशी वेळ आली, की पडद्याच्या मधे उभी रेघ येते. डाव्या भागात एक खेळाडू, उजव्या भागात दुसरा, आणि प्रत्येकाच्या मागे तो जिथे आहे तिथला देखावा. जवळ आले की रेघ जाते आणि चित्र पुन्हा एक होतं.

बघायला साधं वाटणारं हे काम या यंत्राला अवघड का जातं, ते समजण्यासाठी कन्सोल चित्र कसं जुळवतो ते बघावं लागेल. चित्रामध्ये दोन प्रकारचा माल असतो. पहिला म्हणजे पार्श्वभूमीचे थर. नेहमीच्या वापरातल्या मोडमध्ये असे तीन थर मिळतात: दोन थरांत प्रत्येक छोट्या तुकड्याला १६ रंगांचा संच आणि तिसऱ्याला फक्त ४ रंगांचा. दुसरा माल म्हणजे स्प्राइट, म्हणजे थरांच्या वर स्वतंत्रपणे हलणारी चित्रं. खेळाडू, त्यांचे ठोसे आणि छोटे ऊर्जागोळे यांतूनच बनतात.

अडचण अशी आहे, की एका ओळीवर एका थराचं आडवं सरकणं एकच असतं. एकाच थराची डावी बाजू डोंगराच्या पायथ्याशी आणि उजवी बाजू हजार ठिपके पुढे, असं सरळपणे करता येत नाही. मग सुपर फॅमिकॉमवरचा सरळ मार्ग उरतो तो असा: पहिला थर डाव्या अर्ध्यासाठी वापरायचा, दुसरा उजव्यासाठी, आणि दोघांना वेगवेगळं सरकवायचं. कुठला थर कुठे दिसावा हे ठरवायला कन्सोलमध्ये विंडोची सोय आहे. विंडोची डावी आणि उजवी कड ० ते २५५ या आकड्यांत सांगायची आणि प्रत्येक थराला 'विंडोच्या आत लपव' किंवा 'बाहेर लपव' असा हुकूम द्यायचा. डावा थर १२७ पर्यंत, उजवा १२८ पासून पुढे, आणि उरलेला ४ रंगांचा थर हेल्थ आणि ऊर्जेच्या पट्ट्यांसाठी.

याची किंमतही मोजावी लागते. इतर गेममध्ये हे दोन १६-रंगी थर एकमेकांमागे ठेवून खोलीचा भास केला जातो: जवळची झाडं भरभर सरकतात, मागचे डोंगर हळू. पडदा फाडण्यासाठी दोन्ही थर खर्च केले, की ती खोली गेली. या मालिकेतले देखावे त्या काळच्या इतर मारामारीच्या गेमपेक्षा सपाट वाटतात, अशी तक्रार तेव्हापासून होत आली आहे. तक्रार खरी आहे, पण अंतर हवं असेल तर खोली सोडावी लागते, आणि या मालिकेसाठी अंतर निवडणं बरोबर होतं असं आमचं ठाम मत आहे.

स्प्राइटच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. विंडो सगळ्या स्प्राइटना एकत्रच लागू होते. डाव्या खेळाडूचे स्प्राइट उजवीकडे लपव आणि उजव्याचे डावीकडे, असं वेगवेगळं सांगता येत नाही. म्हणजे अर्ध्या पडद्यात, १२८ ठिपक्यांत, प्रत्येकाला नीट मधोमध ठेवावं लागतं, नाहीतर पसरलेला हात रेघ ओलांडून दुसऱ्याच्या हद्दीत दिसेल. इथले खेळाडू लहान का, याचं एक उत्तर या १२८ ठिपक्यांत आहे. दुसरं उत्तर मेमरीत आहे, त्याकडे पुढे येऊ.

अंतर हाताळायला शिकणं

बटणांची मांडणी लक्षात ठेवायला सोपी आहे. 'वाय' आणि 'बी' हाणामारीसाठी, 'ए' ऊर्जागोळ्यासाठी, 'एक्स' दाबलं की खेळाडू हवेत जातो आणि पुन्हा दाबलं की खाली येतो. वरची 'एल' आणि 'आर' बटणं त्या-त्या दिशेला झेप घेण्यासाठी. 'वाय' आणि 'बी' एकत्र धरून ठेवलं की ऊर्जा भरायला लागते. मोठे वार दिशांचा क्रम अधिक बटण अशा पद्धतीने निघतात, आणि हा क्रम खेळाडूच्या तोंडाच्या दिशेवर ठरतो. प्रतिस्पर्धी डोक्यावरून उडून पलीकडे गेला की 'पुढे' म्हणजे डावीकडे होतं. नवख्याचा कामेहामेहा (गोकूचा प्रसिद्ध ऊर्जाझोत) ऐन वेळी निघत नाही, तो बहुतेकदा इथेच फसतो. उडून बाजू बदलल्यावर पडद्यावर आपला खेळाडू वळलेला दिसेपर्यंत थांबा, मग क्रम सुरू करा.

ऊर्जेची पट्टी हा या गेमचा कणा आहे. छोटा गोळा थोडी ऊर्जा खातो, मोठा झोत बरीच. भरताना खेळाडू उघडा पडतो, त्यामुळे हेल्थपेक्षा ऊर्जेवर नजर ठेवणारा माणूस जास्त सामने जिंकतो. भरण्याची खरी जागा एकच: पडदा फाटलेला असताना. समोरचा दुसऱ्या भागात आहे, म्हणजे त्याला तुमच्यापर्यंत यायला वेळ लागणार. पण तो झेप घेऊन निघाला की रेघ नाहीशी होते, आणि रेघ गेली की बटणं सोडलीच पाहिजेत. आणखी थोडी भरून घेऊ म्हणून धरून ठेवलं, की पहिला ठोसा बसलाच.

समोरचा भरतोय असं दिसलं तर दोन मार्ग आहेत. एक, 'एल' किंवा 'आर'ने सरळ अंगावर जायचं. दोन, लांबूनच छोटा गोळा टाकायचा, जेणेकरून त्याला भरणं सोडून बचाव करावा लागेल. दुसरा मार्ग स्वस्त आहे पण तुमची ऊर्जा घटवतो, म्हणून सारखा वापरू नये. आणि समोरचा आकाशात असताना जमिनीवरून नुसतं धावत जाऊन काही मिळत नाही. आधी 'एक्स'ने त्याच्या उंचीला जायचं.

आता लांबून सोडलेल्या मोठ्या झोताकडे येऊ, कारण गेमची सगळ्यात सुंदर कल्पना तिथे आहे. नेहमीच्या मारामारीच्या गेममध्ये गोळा पडद्यावरून सरकत येतो आणि तुम्ही त्यावरून उडी मारता. इथे समोरचा तर तुमच्या भागात नाहीच. मग गेम लढाई थांबवून अॅनिमे मालिकेसारखं दृश्य दाखवतो: सोडणारा, सुटलेला झोत, आणि स्वतःकडे येणारा झोत बघणारा दुसरा. हे दृश्य नुसतं बघायचं नसतं. त्या अवधीत बचाव करणाऱ्याला कंट्रोलरवर उत्तर द्यायचं असतं. नुसतं अडवलं तर थोडं नुकसान होतं. बरोबर क्रम वेळेत दाबला तर झोत हाताने झटकून टाकता येतो. आणि स्वतःचा झोत उलट सोडला, तर दोन्ही झोत मधे भिडतात आणि बटणं बडवण्याची झुंज सुरू होते.

म्हणजे अंतरामुळे जो वेळ फुकट गेला असता, तोच वेळ बचावाचा निर्णय घ्यायला दिला आहे. अॅनिमे मालिकेतही हेच होतं. झोत सुटल्यापासून पोचेपर्यंत समोरचा काय करेल, हाच तिथे ताण असतो. ज्याने कुणी हे सुचवलं त्याने मालिका मनापासून बघितली होती, यात शंका नाही.

यावरून खेळण्याचं एक सूत्र निघतं. मोठा झोत कधी सोडायचा? स्वतःची ऊर्जा भरली की, असं नवखा म्हणेल. खरं तर समोरच्याची पट्टी रिकामी असताना सोडायचा, कारण उलट झोतासाठी त्याच्याकडे ऊर्जाच नसते आणि त्याचे पर्याय लगेच कमी होतात. म्हणून आधी त्याला छोटे गोळे खर्च करायला लावायचे, भरू द्यायचं नाही, आणि मग लांब जाऊन झोत सोडायचा. संगणकाविरुद्ध बटणं बडवण्याची झुंज थकवणारी असते. अंगठ्याने दाबत बसण्यापेक्षा कंट्रोलर मांडीवर किंवा टेबलावर टेकवून तर्जनी आणि मधल्या बोटाने आळीपाळीने एकाच बटणावर मारलं तर वेग बराच वाढतो.

दोन मेगाबाइटचा संसार

'सुपर बुतोदेन २'ची कॅसेट १६ मेगाबिटची आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हे झाले २ मेगाबाइट. आजच्या फोनवरचा एक फोटोसुद्धा बरेचदा याहून मोठा असतो. यात सगळे खेळाडू, देखावे, संवाद, संगीत आणि आवाज.

एक हिशोब करून बघू. स्प्राइटचं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनतं आणि १६ रंगांतला असा एक तुकडा ३२ बाइट घेतो. समजा खेळाडूची एक मुद्रा ६४ ठिपके रुंद आणि ९६ उंच जागेत बसते. म्हणजे ८ गुणिले १२, एकूण ९६ तुकडे, ३,०७२ बाइट. २ मेगाबाइट भागिले ३,०७२ केलं तर उत्तर येतं ६८२. सगळी कॅसेट फक्त मुद्रांनी भरली, दुसरं काहीच ठेवलं नाही, तरी १० खेळाडूंना प्रत्येकी ६८ मुद्रा. प्रत्यक्षात देखावे आणि आवाजही हवेत, म्हणून डेटा दाबून ठेवणं, उजवीकडे तोंड केलेलं चित्र उलटवून डावीकडे वापरणं, एकच पाय दोन मुद्रांत वापरणं असल्या युक्त्या त्या काळात सगळ्यांनाच कराव्या लागत. चित्र आडवं उलटवायची सोय कन्सोलमध्येच आहे, त्याला वेगळी जागा लागत नाही.

जागेहूनही कडक मर्यादा वेळेची आहे. चित्र काढणाऱ्या चिपची स्वतःची ६४ किलोबाइट मेमरी असते, आणि त्यातली जास्तीत जास्त १६ किलोबाइट एका वेळी स्प्राइटसाठी वापरता येते. सगळ्या मुद्रा तिथे मावणं शक्यच नाही. म्हणून खेळाडू हलला की नवी मुद्रा कॅसेटमधून तिथे न्यावी लागते. ही वाहतूक टीव्हीवर चित्र उमटत असताना करता येत नाही, एक चित्र संपून पुढचं सुरू होण्याच्या फटीतच करावी लागते. जपानी टीव्हीच्या २६२ ओळींपैकी साधारण ३७ ओळींचा वेळ या फटीला मिळतो, आणि एका ओळीच्या वेळात सुमारे १६५ बाइट नेता येतात. गुणाकार केला तर जेमतेम ६,१०० बाइट. वरच्या आकाराच्या दोन मुद्रा म्हणजे ६,१४४ बाइट! दोघांच्या मुद्रा एकाच क्षणी बदलायच्या म्हटलं तर फट पुरतच नाही, आणि त्याच फटीत पट्ट्यांचे आणि सरकण्याचे आकडेही पाठवायचे असतात.

यावरची वाट म्हणजे मुद्रा आळीपाळीने बदलणं. सेकंदाला ६० चित्रं उमटतात. एकच मुद्रा चार-पाच चित्रांपुरती टिकली तरी डोळ्याला हालचाल सलग वाटते. मग या चित्रात डाव्याची मुद्रा न्यायची, पुढच्यात उजव्याची. साठाव्या भागाचा उशीर कुणाला जाणवत नाही. पण खेळाडू याहून बराच मोठा केला तर हा हिशोब कोसळतो. आधी ज्या दुसऱ्या उत्तराचा उल्लेख केला ते हे.

झोतांना वेगळंच बंधन आहे. एका आडव्या ओळीवर जास्तीत जास्त ३२ स्प्राइट आणि त्यांचे मिळून ८ ठिपके रुंदीचे ३४ तुकडे दिसू शकतात. पडदाभर पसरलेला झोत स्प्राइटने काढायचा म्हटला तर २५६ भागिले ८, म्हणजे ३२ तुकडे त्यातच गेले. उरले दोन, त्यात एक हातही मावत नाही. मर्यादा ओलांडली की जास्तीचे तुकडे उमटतच नाहीत आणि चित्राचे लचके तोडल्यासारखे दिसतात. म्हणून या कन्सोलवर मोठी चमकदार चित्रं पार्श्वभूमीच्या थरात काढणं सोयीचं, कारण थराला ही मर्यादा नाही. मोठा झोत स्वतंत्र दृश्यात दाखवण्याचा असाही फायदा होतो. तिथे लढाईचा नेहमीचा देखावा नसतो, थर मोकळे असतात.

आवाजाचं प्रकरण तर आणखी तंग. सुपर फॅमिकॉमचा ध्वनिविभाग जवळजवळ स्वतंत्र संगणक आहे. त्याला ६४ किलोबाइट मेमरी, ८ आवाज एकाच वेळी. संगीताची वाद्यं, ठोशांचे आवाज, घोषणा, सगळं त्या ६४ किलोबाइटमध्ये. ध्वनीचे १६ नमुने ९ बाइटमध्ये दाबले जातात. सेकंदाला ३२,००० नमुने, या चिपच्या पूर्ण दर्जाने आवाज ठेवला तर एका सेकंदाला १८,००० बाइट लागतात. साडेतीन सेकंदांत मेमरी संपली. दर्जा ८,००० वर आणला तर सेकंदाला ४,५०० बाइट पुरतात. त्या काळच्या गेममधल्या आरोळ्या भिंतीपलीकडून आल्यासारख्या दबक्या वाटतात, त्याचं कारण हा हिशोब आहे. एवढ्या अडचणीत केंजी यामामोतो यांनी या मालिकेला जे संगीत दिलं, ते आजही वेगळं काढून ऐकलं जातं.

कोण कोण आहे, आणि का

आठ खेळाडू उघड आहेत: गोहान, पिकोलो, व्हेजिटा, ट्रंक्स, सेल, सेल ज्युनियर, बोजॅक आणि झांग्या. यातले बोजॅक आणि झांग्या जुलै १९९३ मध्ये जपानात लागलेल्या चित्रपटातले, म्हणजे गेम आला तेव्हा ते जेमतेम पाच महिन्यांचे होते. कथेच्या मोडमध्ये सुरुवातीला गोहान, पिकोलो, व्हेजिटा, ट्रंक्स यांपैकी एक निवडायचा, आणि पुढची कथा जिंकण्या-हरण्यावर फांद्या फोडत जाते. हरलात म्हणजे प्रत्येक वेळी गेम संपला असं नाही. काही फांद्या हरल्यावरच उघडतात.

गोकू कुठे आहे, असा प्रश्न पडणारच. तो आणि मार्च १९९३ च्या चित्रपटातला ब्रॉली हे दोघं लपवलेले आहेत. गेम सुरू झाल्यावरची सुरुवातीची दृश्यं चालू असताना पहिल्या कंट्रोलरवर हा क्रम दाबायचा: वर, एक्स, खाली, बी, एल, वाय, आर, ए. इथे एल आणि आर म्हणजे कंट्रोलरच्या वरच्या कडेची बटणं, डावी-उजवी दिशा नव्हे. बरोबर झालं की ब्रॉलीची 'काकारोत'ची (हे गोकूचंच मूळ नाव) आरोळी ऐकू येते. आरोळी आली नाही तर कन्सोल रीसेट करून पुन्हा.

युरोपात हा गेम 'ला लेजांद सायेन' या फ्रेंच नावाने पोचला. फ्रान्समध्ये १९८८ पासून 'क्लब दोरोते' या मुलांच्या कार्यक्रमात 'ड्रॅगन बॉल' लागत होतं, त्यामुळे तिथे मागणी तयारच होती. अमेरिकेत तेव्हा तो आला नाही. भारतात 'ड्रॅगन बॉल झेड' कार्टून नेटवर्कवर हिंदीतून लोकप्रिय झालं ते गेमनंतर काही वर्षांनी. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक चाहते या गेमकडे उलट्या वाटेने, आधी मालिका आणि मग इम्युलेटर (कन्सोलची नक्कल करणारा संगणकावरचा प्रोग्राम) असे आले.

तिसऱ्या भागात कथेचा मोडच नाही, फक्त लढाया. १९९६ च्या 'हायपर डायमेन्शन' या 'ड्रॅगन बॉल झेड'च्याच गेममध्ये कॅसेटमध्येच एसए-१ नावाचा जादा प्रोसेसर आहे आणि चित्रं डोळे दिपवणारी आहेत, मात्र फाटणारा पडदा तिथे सोडून दिला गेला. दिसायला तो सरस आहे. 'ड्रॅगन बॉल'ची लढाई खेळल्याचं समाधान मात्र दुसऱ्या भागात जास्त मिळतं.

आज खरा कन्सोल लावायचा असेल तर

पहिला धोका विजेचा. जपानी सुपर फॅमिकॉमचा अॅडॉप्टर १०० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावला की जळणार, यात काही 'कदाचित' नाही. एक तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर इथलाच डीसी अॅडॉप्टर वापरा: ९ ते १० व्होल्ट, किमान ८५० मिलिअँपिअर, आणि पिनेचा आतला भाग ऋण. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाजारातले बहुतेक अॅडॉप्टर आतून धन असतात. अॅडॉप्टरवरची गोल खूण वाचल्याशिवाय लावू नका. युरोपियन सुपर निन्तेन्दोचा (हाच कन्सोल, जपानबाहेरच्या नावाने) अॅडॉप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो. तो जपानी कन्सोलला लावायचा नाही.

कॅसेटचा आकार जपान आणि युरोपचा सारखाच आहे, त्यामुळे जपानी कॅसेट युरोपियन कन्सोलमध्ये बसते पण चालत नाही. आतली लॉकची चिप वेगळ्या प्रदेशाची असते. अमेरिकन कन्सोलचं उलट: चिप जुळते, पण खोबणीतले प्लास्टिकचे दोन उंचवटे कॅसेट आत जाऊ देत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या ८-बिट कन्सोलची ६० पिनांची कॅसेट आणि ही कॅसेट यांचा काही संबंध नाही. कॅसेट आणि कन्सोल यांच्या मधे लावायचा साधा कॅसेट-अॅडॉप्टर घेऊन जपानी कॅसेट युरोपियन कन्सोलवर चालवली, तरी गेम ६० ऐवजी ५० चित्रांच्या वेगाने चालतो. ६० सेकंदांची लढाई ७२ सेकंदांची होते, वर-खाली काळे पट्टे येतात, आणि बोटांना बसलेली सगळी वेळ चुकते. 'हायपर डायमेन्शन' स्वस्त कॅसेट-अॅडॉप्टरवर चालत नाही, कारण जादा चिपसाठी लागणाऱ्या कडेच्या पिना त्यात जोडलेल्याच नसतात.

कॅसेट लावल्यावर पडदा काळाच राहिला तर दहातल्या बहुतेक वेळा पिना मळलेल्या असतात. कोकण-मुंबईच्या दमट हवेत तर हे हमखास. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ पिनांना आणखी गंजवते. कापसाच्या काडीवर ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पिनांच्या दोन्ही बाजू लांबीच्या दिशेने पुसा, काडी काळी येणं थांबेपर्यंत बदलत राहा, आणि पाच मिनिटं वाळू द्या. सँडपेपर अजिबात नको. पिनांवरचा पातळ मुलामा गेला की परत येत नाही. जुनी कॅसेट विकत घेताना ती उघडून बघता आली तर उत्तम. त्यासाठी ३.८ मिलिमीटरचा गेमबिट पाना लागतो, आणि खऱ्या सर्किटवर 'एसएचव्हीसी'ने सुरू होणारी छपाई असते.

मग टीव्ही. नवे एलसीडी टीव्ही कन्सोलचा २४० ओळींचा सिग्नल पुष्कळदा ४८० ओळींचा विणलेला (एका आड एक ओळी पाठवणारा) सिग्नल समजून सोडवायला बसतात. त्यात दोन गोष्टी बिघडतात. चित्र उशिरा उमटतं, म्हणून झोत झटकण्याचा क्रम बरोबर दाबूनही उशिराच पोचतो. आणि जी चित्रं एका आड एक दाखवून अर्धपारदर्शक भासवलेली असतात, ती एकतर पूर्ण दिसतात किंवा गायब होतात. टीव्हीतला 'गेम मोड' लावून थोडा फरक पडतो. खरा इलाज म्हणजे जुना ट्यूबचा टीव्ही, किंवा २४० ओळी ओळखणारा ओएसएससी वा रेट्रोटिंकसारखा कन्व्हर्टर. ट्यूबचा टीव्ही घेताना तो ६० हर्ट्झ आणि एनटीएससी (जपानी टीव्हीच्या पद्धतीचे) रंग दाखवतो का, हे आधी तपासा. नाहीतर गेम काळा-पांढरा दिसेल किंवा वर-खाली घसरत राहील.

स्वतःच्या कॅसेटमधून काढलेली प्रत रेट्रोआर्च या इम्युलेटर-प्रोग्रामवर खेळत असाल, तर उशीर कमी करण्यासाठी त्यातली 'रन-अहेड' ही सोय वापरा. आकडा अंदाजाने टाकू नका, मोजा. लढाईत उभे असताना कीबोर्डवर 'पी' दाबून गेम थांबवा, कंट्रोलरवर ठोशाचं बटण दाबून धरा, आणि 'के' दाबत एकेक चित्र पुढे न्या. खेळाडू ज्या चित्राला हलला त्यातून एक वजा करा, तो तुमचा आकडा. तिसऱ्या चित्राला हलला तर २. त्याहून जास्त ठेवलं तर हालचालीची सुरुवातीची चित्रं गाळली जातात, आणि समोरचा ठोसा उचलतोय हे दिसायच्या आत तो बसलेला असतो.